बिनवासाची शेगडी

मी विजेची शेगडी. पत्र्याचं गोल अंग, त्यात भाजलेल्या मातीची थाळी आणि थाळीच्या खाचांत वेटोळं घालून बसवलेली तार, एवढाच माझा देह. मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. त्रेसष्ट साली पेंढ्यात गुंडाळून मला पनवेलच्या बाजारात आणलं, यूनुसभाईंच्या दुकानात.

तिथेच हौसाबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं. किंमत विचारण्याआधी त्यांनी भलतंच विचारलं, "हिला वास नसतो ना?"

यूनुसभाई हसले. "विजेला कसला आलाय वास, मावशी! तार लाल झाली की समजायचं, चालू आहे."

"मंग बरं हाय. डोळ्यांनी दिसतं," त्या म्हणाल्या आणि मला घरी घेऊन आल्या.

त्यांचं दुःख मला पहिल्याच आठवड्यात कळलं. कालवणावर वाकून त्या लांब श्वास घ्यायच्या, मग सरळ होऊन मलाच सांगायच्या, "काय नाय कळत गं." दोन वर्षांपूर्वी तापात त्यांना वास येणंच बंद झालं होतं. घरात कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा स्टोव्हचं रॉकेल गळून पदरापर्यंत आलं तरी त्यांना पत्ता लागला नाही. त्या भीतीने त्यांनी मला आणलं. तेव्हापासून त्या चमच्याने मोजून मसाला घालत. कामोठ्याची ही लेक तिच्या हातच्या कालवणासाठी सगळ्या नातेवाइकांत नावाजलेली. तो मान सोडवत नव्हता.

सून शकू मात्र माझ्याकडे तुच्छतेने पाही. तिचा भाऊ जगन दादरला राहायचा आणि त्याच्या घरी गॅस आला होता. "काडी ओढली की निळी ज्योत! ही शेगडी म्हणजे तासभर नुसती लाल होत बसते," ती नवऱ्याला, धर्मराजला, ऐकवायची.

एका रविवारी जगन बायकोला घेऊन आला आणि जेवणाआधी गॅसचा विषय निघाला. हौसाबाई पटकन म्हणाल्या, "नको. वीजच बरी हाय."

"अहो, भिण्यासारखं काही नाही," जगन म्हणाला. "गळला तर लगेच वास येतो."

हौसाबाईंच्या हातातला झारा थांबला. शकूने ते पाहिलं. आदल्याच आठवड्यात माझ्यावर दूध करपून घरभर वास सुटला होता आणि हौसाबाई शेजारी बसून निवांत लसूण सोलत होत्या. शकू गोड आवाजात म्हणाली, "आई, तुमचं नाक म्हणजे एकदम पक्कं. आज आपण गंमत करू. डोळे मिटा, काय आहे ते ओळखा."

त्यांना नाही म्हणता आलं असतं. पण सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटले.

शकूने हिंगाची डबी नाकाशी धरली. हौसाबाई अंदाजाने म्हणाल्या, "लवंग." जगनची बायको तोंडाला पदर लावून खिदळली. मग शकूने खूण केली आणि धर्मराजने उठून दाराशी काढून ठेवलेली स्वतःची चप्पल आणली. पोटच्या मुलाने ती आईच्या नाकाखाली धरली.

हौसाबाईंनी मनापासून लांब श्वास घेतला. "जायफळ," त्या म्हणाल्या. "नाय... वेलची हाय."

घर हसून हसून लोळलं. त्यांनी डोळे उघडले. समोर चप्पल, चपलेमागे मुलाचा हात. वळून त्यांनी माझ्यावरचा भात उतरवला. मी लालभडक तापले होते, तरी त्यांनी फडकं घेतलं नाही.

जेवताना धर्मराज म्हणाला, "आई, तू आम्हाला झोपेत जाळून मारशील. यापुढे स्वयंपाकघरात यायचं नाही."

"मला सांगशील ते निवडून देईन रं. भाजी चिरून देईन."

"बाहेर बसून चिर."

महिन्याभरात गॅस आला. शेजारपाजारचे ज्योत बघायला आले, शकूने सगळ्यांना चहा पाजला. हौसाबाईंना मागच्या खोलीत हलवलं आणि माझीही तिथेच रवानगी झाली. आपला चहा आपण करून घेतील, असं ठरलं. काही दिवस आम्ही दोघींनी तो केलाही. पुढे बाहेरच्या खोलीत रेडिओ आला. त्याला वायर कमी पडली, तेव्हा धर्मराजने माझी कापून नेली. "नंतर बसवून देतो," म्हणाला. त्याला आता दोन वर्षं झाली. चहा शकूला आठवला तर येतो. बहुतेक दिवस आठवत नाही.

अधूनमधून आपट्याहून हौसाबाईंची धाकटी बहीण भामा येते. तिची चाहूल लागली की हौसाबाई घाईघाईने पातेल्यात पाणी भरून माझ्यावर ठेवतात, वर झाकण घालतात. माझी वायर कापलेली बाजू भिंतीकडे वळवतात.

"आत्ताच च्या घेतला बघ. समदं हाय मला," त्या सांगतात. "धर्मराजानं माज्यासाठी ही न्यारी शेगडी ठेवलीय. आत शकूची गडबड नको म्हणून."

"नशीबवान हायस, अक्का," भामा म्हणते आणि गावी जाऊन भाच्याचं कौतुक करते.

मी गंजले आहे, थाळीला चीर गेली आहे. पुन्हा तापेन अशी आशा मी सोडली. तुमच्याकडे मागणं एवढंच, की कधी त्या मागच्या खोलीत आलात तर माझ्यावरच्या पातेल्याला हात लावू नका. ते गार आहे हे हौसाबाईंना ठाऊक आहे. तुम्हाला कळलं, हे मात्र त्यांना सोसणार नाही.