चित्रातल्या दारापाशी

शाळेची भाषा इंग्रजी. बाहेरून आलेल्या मुलांना ती यावी म्हणून सरकारने एक बाई जादा दिल्या होत्या. मुलं त्यांना जादाबाईच म्हणत. जिन्याखालची, पूर्वी नकाशे ठेवायची खोली त्यांच्या वाट्याला आली होती. एकेका मुलाला वर्गातून बोलवायचं, सरकारी चित्र पुढे ठेवायचं आणि दिसतं ते इंग्रजीत सांगायला लावायचं. चित्रात स्वयंपाकघर होतं: टेबल, दोन खुर्च्या, किटली, उघडं दार. माणूस एकही नव्हता.

नव्याने आलेली एक मुलगी सुरुवातीला नुसतं "टेबल, चेअर" म्हणायची. मग एकदा तिने दारावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ओल्ड वुमन." बाईंना वाटलं, शब्दांची गल्लत झाली. पण तिला वाक्यं जमू लागली तशी ती सांगू लागली, की म्हातारी उभी आहे, म्हातारी वाट बघते आहे. आणखी दोन मुलं होती. त्यांच्या घरच्या भाषा निराळ्या, एकमेकांशी बोलायची सोय नाही. इंग्रजी जरा जिभेवर बसताच त्यांनाही दारात म्हातारी दिसली.

मुलीच्या घरची भाषा हीच बाईंची मायबोली. एका दुपारी त्यांनी त्याच भाषेत विचारलं, "या चित्रात कोण आहे गं?"

मुलीने नीट पाहिलं. "कुणीच नाही, बाई."

मग इंग्रजीत विचारलं, तेव्हा तिने मान खाली घालून हळूच सांगितलं, की म्हातारी आता आत आली आहे.

बाईंनी डोळे ताणताणून पाहिलं. रिकाम्या खुर्च्यांखेरीज काही दिसेना. त्यांनी चित्र कपाटात टाकून कुलूप लावलं. ऑफिसात सांगायची सोय नव्हती, वेड्यातच काढलं असतं. वर्षअखेरीस मुलगी परीक्षेत पास झाली आणि तिची सरकारी मदत संपली. खरं तर बाईंना सुटल्यासारखंच वाटलं.

सुट्टीनंतर तिचे वडील आले. इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला, सोड्याने हात सोललेले. आधी त्यांनी लेकीचं कौतुक केलं. मग घुटमळत सांगितलं, की पोरगी स्वयंपाकघरात एकटीच बसून फाडफाड इंग्रजी बोलते. मध्येच थांबते, हसते, परत बोलते. आईने विचारलं तर म्हणते, कुणी नाही.

बाईंनी मग काही लपवलं नाही. ऐकून वडिलांनी लेकीबद्दल एवढंच विचारलं,

"घाबरते का ती?"

"नाही. कधीच नाही."

"मग मला शिकवा, बाई. माझ्या घरात कोण येऊन बसतंय, ते मला कळायला नको?"

मदत फक्त विद्यार्थ्यांसाठी होती, तरी शाळा सुटल्यावर बाई त्यांना शिकवू लागल्या. वडिलांची जीभ वळता वळेना. किटलीचा शब्द उच्चारताना त्यांना असा घाम फुटे, की जणू तेच चुलीवर ठेवलेत. ते चित्र मात्र बाई टाळत राहिल्या. एके दिवशी वडिलांनीच ते मागून घेतलं.

बोट फिरवत ते म्हणू लागले. टेबल. चेअर. डोअर.

तिथे बोट थांबलं. कुणी वडीलधारं घरात आल्यावर उठतात तसे ते उठले आणि शेजारची रिकामी खुर्ची त्यांनी जरा मागे ओढून दिली.