मोहरेची घासलेली कड

संग्रहालयाच्या दारात पहारेकऱ्याने अहल्याबाईंच्या पिशवीत हात घातला आणि बाहेर काढली ती तळहाताएवढी दगडी सहाण.

"बा, आ शुं छे? पथरो लईने क्यां चाल्यां?"

"पथरो नथी, सहाण छे," अहल्याबाई ठसक्यात म्हणाल्या. सारा संसार बडोद्याच्या दांडिया बाजारात केलेल्या बाईला गुजराती कधी कमी पडत नाही, आणि ठसका तर त्याहून नाही.

नातू विहंग ओशाळला. बाजव्याच्या रिफायनरीतली ड्युटी बदलून तो आजीला नाणी दाखवायला घेऊन आला होता. "आजी, म्युझियममध्ये सहाण कशाला?"

"तुझ्याच लेकीसाठी. चल आत."

आजीच्या मनात काय आहे ते विहंगला आत्ता कळलं.

त्यांच्या, गुप्त्यांच्या घरात एक सोन्याची मोहोर होती, बडोदे संस्थानाच्या वेळची. विहंगच्या खापरपणजोबांना ती दरबारातून मिळाली होती. दुसरी घरं असली मोहोर तिजोरीत ठेवतात. हे घर ती बाळांना चाटवत असे. बारशाच्या सकाळी सहाणेवर मधाचा थेंब टाकायचा, मोहरेची कड त्यात दोन वेढे उगाळायची आणि तो मध बोटाने बाळाच्या जिभेला लावायचा. घरातल्या प्रत्येकाच्या पोटात त्या मोहरेचा कण होता. विहंगच्याही होता. त्याला तो खुद्द अहल्याबाईंनीच चाटवला होता आणि त्याने तेव्हा जे तोंड वेडंवाकडं केलं होतं त्याची नक्कल त्या अजून करून दाखवत.

आणि ती मोहोर अहल्याबाईंच्या नवऱ्याने, रमाकांतरावांनी, देऊन टाकली! एक मुलगा बडोद्यात, एक पुण्यात, दोघांचाही तिच्यावर डोळा. भांडण नको म्हणून त्यांनी बायकोला न विचारता ती एका ट्रस्टच्या नव्या संग्रहालयाला दिली. बायकोला विचारायचं असतं हे त्या सज्जन माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही. अहल्याबाई त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. पुढच्याच वर्षी ते गेले, आणि तो अबोला त्यांना आता फार टोचतो. पण राग टोचला म्हणून ओसरतो थोडाच! विहंगच्या मुलीचं बारसं दोन दिवसांवर आलं होतं. मोहोर घरातून गेल्यानंतरचं हे पहिलंच बाळ, आणि तेवढं एक बाळ कोरडं राहणार हे अहल्याबाईंना काही केल्या सहन होत नव्हतं.

नाण्यांचं दालन थंडगार होतं. काचेच्या पेट्यांत काळ्या मखमलीवर नाणी मांडली होती: चांदीचे रुपये, तांब्याचे जाडजूड पैसे. अहल्याबाईंनी एकाकडेही पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या पेटीत आपली मोहोर दिसली तशा त्या लगबगीने गेल्या आणि काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. दिव्याखाली कशी झळकत होती! एका बाजूची कड मात्र पौर्णिमेच्या चंद्राची कड कुणी घासल्यासारखी सपाट.

"खाली काय लिहिलंय रे?"

विहंगने मनातल्या मनात वाचलं.

"वाच की मोठ्याने."

"'कड तासलेली. पूर्वी सोनं चोरण्यासाठी नाण्यांच्या कडा तासत असत. देणगी: कै. रमाकांत गुप्ते.'"

आजूबाजूची माणसं वळून पाहू लागली, इतक्या मोठ्याने अहल्याबाई म्हणाल्या, "चोर? आम्ही?"

दालनाची देखरेख करणारी श्रद्धा धावत आली. बडोद्याजवळच्या छाणीची मुलगी, बोलायला गोड. तिने आधी खुर्ची आणली, मग पाणी, आणि मग मुकाट्याने सगळं ऐकून घेतलं: बारसं, मध, दोन वेढे, विहंगचं वेडंवाकडं तोंड, सगळं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"आजी, ती पाटी मीच लिहिली. कड सपाट दिसली की पुस्तकातलं तेच कारण आठवतं. तुमच्या घरी येऊन विचारायला हवं होतं. चुकलंच माझं."

इतक्या सरळ माणसावर रागवायचं तरी कसं? अहल्याबाईंनी संधी साधली आणि पिशवीतून सहाण काढून मांडीवर ठेवली. "मग एवढं कर. दोन वेढे. इथेच, तुझ्या डोळ्यांदेखत. मी मोहोर हातातसुद्धा घेणार नाही, तूच उगाळ."

श्रद्धाच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही हो आजी. आता तिचा एक कणही मला काढता येणार नाही. माझी असती तर दिली असती."

अहल्याबाईंनी मान हलवली. नाही म्हणणार हे त्यांना घरून निघतानाच ठाऊक होतं. तरी माणूस विचारून बघतोच. त्यांनी सहाण पुन्हा पिशवीत टाकायला उचलली.

"थांबा," श्रद्धा म्हणाली. "ती सहाण दाखवा बघू."

नाणी बघायचं भिंग लावून ती सहाण दिव्याखाली तिरकी धरून कितीतरी वेळ निरखत राहिली. मग तिने ते भिंग अहल्याबाईंच्या हातात दिलं.

"मधोमध बघा, आजी."

दगडाच्या बारीक छिद्रांत, एकावर एक, पिवळ्या रेघा चमकत होत्या. किती वर्षं त्या सहाण धूत आल्या होत्या! त्यांना वाटायचं, सगळं धुऊन जातं.

"तुमचं सगळं सोनं काही संग्रहालयात आलेलं नाही," श्रद्धा म्हणाली.

अहल्याबाई तिथेच, चारचौघांत, पदर तोंडाला लावून रडल्या. रमाकांतरावांवरचा राग त्या दिवशी गेला, असं त्यांनी नंतर रसिकाला, म्हणजे नातसुनेला, सांगितलं. सगळा नाही, पण बराचसा.

बारशाला श्रद्धाला आग्रहाचं बोलावणं होतं. मधाला डॉक्टरांनी बंदी घातली होती, म्हणून रसिकाने आपल्या दुधाचे दोन थेंब सहाणेवर टाकले. अहल्याबाईंनी बोटातली अंगठी काढून ठेवली, उगाच दुसऱ्या सोन्याची भेसळ नको, आणि नुसत्या बोटाने त्या रेघांवर हळूहळू वेढे घेतले. ते बोट बाळाच्या, म्हणजे सानवीच्या, जिभेला लागलं मात्र, पोरीने असं काही तोंड वेडंवाकडं केलं की विहंगकडे बघून घरभर हशा पिकला.

श्रद्धाने पर्समधून नव्या पाटीचा मजकूर काढला आणि भीत भीत वाचला. "'कड झिजलेली. गुप्ते घराण्यात बारशाच्या दिवशी या मोहरेचं सोनं बाळाला चाटवत. चार पिढ्यांच्या बाळांनी ही कड झिजवली आहे.' बरोबर आहे ना, आजी?"

अहल्याबाईंनी सानवीचे ओठ पदराने पुसले.

"चार नाही गं," त्या म्हणाल्या. "पाच लिही."