अर्धी दाढी

साथीच्या दुसऱ्या वर्षी दुकानं पुन्हा उघडली, तेव्हा दोघा भावांच्या सलूनच्या दारात गिऱ्हाईक आधी विचारायचं, "लस घेतलीत ना दोघांनी?"

धाकट्याने घेतली होती. दादा मात्र टोलवाटोलवी करायचा. कधी अंगात कणकण, कधी "पुढच्या आठवड्यात बघू". शेजारचा औषधवाला येताजाता टोमणे मारी. दुकानदारांच्या बैठकीत ठरलं, की लस नाही त्याने दुकानात उभं राहू नये. घरी धाकट्याची बायको कुरकुरायची, "आईंना दमा. दादा रोज त्यांच्याजवळ येऊन बसतात. एवढं कळू नये त्यांना?"

धाकट्याचं डोकं फिरलं होतं. एका सकाळी शाळेतले मास्तर दादाच्या खुर्चीत बसले. एक गाल झाला, दुसऱ्यावर फेस होता. त्यांनी सहज तोच प्रश्न विचारला. दादा गालावर ब्रश फिरवत राहिला. धाकटा आरशातूनच म्हणाला, "मास्तर, जीव प्यारा असेल तर इकडे या."

दुकानात बसलेले हसले. मास्तर तसेच फेसासकट उठले आणि धाकट्याच्या खुर्चीत येऊन बसले. दादाने वस्तरा धुतला, पुसला, ॲप्रन खुंटीला लावला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही, त्यानंतरही नाही. येईल झक मारत, असं धाकटा म्हणत राहिला. महिना उलटल्यावर वहिनी आईला भेटायला आली.

"ह्यांनी लस घेतली," ती म्हणाली. "मी सोबत गेले होते. माझं मनगट असं धरलं होतं, की वळ उठले."

"का?"

"सुईची भीती, भाऊजी. लहानपणी कुत्रं चावलं, तेव्हा चार माणसांनी दाबून धरून पोटात सुया टोचल्या. तुम्ही पाळण्यात होतात. अजून दचकून उठतात."

"मग मला सांगायचं ना."

"वस्तरा चालवणारा माणूस सुईला घाबरतो, हे धाकट्या भावाला कसं सांगणार? एकट्याला बाजूला घेऊन विचारलं असतंत, तर सांगितलंही असतं."

धाकटा त्याच पावली दादाकडे गेला. दादाने लस घ्यायला हवीच होती, तेवढं धाकट्याचं चुकलं नव्हतं. पण मास्तर उठले तेव्हाचं दादाचं तोंड वाटभर त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"दादा, चुकलं माझं. चल दुकानात."

दादाने पाहुण्याला द्यावी तशी खुर्ची पुढे केली. चहा टाकायला सांगितला. "आता राहू दे. घरीच येतात चारदोन जण. भागतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर धाकट्याने पाय धरले असते.

लहानपणापासून त्याचे केस दादाच कापत आला होता. निघताना दादाची नजर त्याच्या मानेवर गेली. धाकटा आशेने थांबला.

"मागे फार वाढलेत," दादा म्हणाला. "कुणाकडून तरी कापून घे."