शिवण कधी बाहेर असते का?

सासूबाईंनी पोहण्याचा तो काळा रबरी पोशाख उजेडाकडे धरला, बोटांनी चाचपला आणि नाक मुरडलं.

"उलटा दिलाय मेल्यानं. शिवण कधी बाहेर असते का?"

सुनेला पटलं. चाळीस वर्षं शिलाईच्या दुकानात मशीन चालवलेली बाई. शिवणीवरून तिच्याशी वाद कोण घालणार! दोघींनी धडपडत ते पोशाख उलटे केले, एकमेकींना कोंबून आत बसवलं. पाठीच्या चेनीची दोरी आत गेलेली, ती ओढता ओढता सुनेची मान आखडली. बाहेर आल्या तर तळ्यात होड्या वल्हवायला जमलेला अख्खा घोळका पोट धरून हसायला लागला. अंगाला काचू नये म्हणून त्या पोशाखाची शिवण बाहेरच ठेवतात म्हणे! त्यावर कडी म्हणजे काठापासून तीन हातांवर सासूबाईंची होडी उलटली. पाणी गुडघाभर, पण त्या "बुडाले, बुडाले" म्हणून असा गलका करत होत्या की दोन माणसं उड्या टाकून आली.

नवरा कामाच्या बैठकांत अडकलेला, म्हणून परमुलखात भटकायला या दोघीच. सून लाजेनं अर्धी झाली. तशीही ती सासूबाईंपासून थोडी लांबच असायची. लग्नाला सहा वर्षं झाली, पण त्यांच्या हातचा एक कपडा तिनं अंगाला लावला नव्हता. "आई, तुम्ही कशाला त्रास घेता?" म्हणायची आणि तयार कपडे घेऊन यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी डोंगरमाथ्यावर होत्या. पाठीला छत्री बांधून इथून उडायचं, हे सुनेचं कॉलेजपासूनचं स्वप्न. संध्याकाळी परतीचं विमान होतं. तिला घेऊन उडणारा दाढीवाला घड्याळावर बोट आपटत होता. वारा पडत चालला होता. अर्ध्या तासात उडालं तर उडालं.

सून पट्ट्यांत पाय घालणार, तोच सासूबाईंनी एक पट्टा पकडला. चष्मा कपाळावर चढवला, पट्टा दुमडला आणि टाक्याखाली नख घातलं.

"हा दोरा कुजलाय. वरून धड दिसतोय, पण आतून गेलाय."

"आई, आज पुन्हा नको. काल काय शोभा झाली, आठवतंय ना?"

"आठवतंय की. काल हसले, आजही हसू देत. पण तू त्याला सांग. तोवर मी पट्टा सोडत नाही."

त्यांची बोटं पांढरी पडली होती. सुनेनं वारा दाखवणाऱ्या, मलूल होत चाललेल्या झेंड्याकडे पाहिलं, मग त्या बोटांकडे पाहिलं. शेवटी खाली मान घालून तिनं दाढीवाल्याला त्याच्या भाषेत सांगितलं. तो हसला. सासूबाईंनी दाखवला तसा त्यानंही पट्टा दुमडला आणि हिसका दिला. टाके भराभर उसवले.

त्याचं हसू कुठल्या कुठे पळालं. त्यानं चाकू काढून तो पट्टा कापूनच टाकला, पुन्हा कुणी वापरायला नको म्हणून. दुसरा पट्ट्यांचा संच आणला, तो मात्र सुनेला न देता थेट सासूबाईंच्या हातात ठेवला.

त्या दगडावर बसल्या आणि एकेक टाका बघत राहिल्या. घाई नाही, गडबड नाही. वारा चालला होता, तरी सून "आटपा" म्हणाली नाही. आपल्या माणसाचा इतका अभिमान तिला याआधी कधी वाटला नव्हता.

"जा आता," सासूबाई म्हणाल्या.

ती उडाली. मन भरून उडाली. उतरताना मात्र चिखलात बसकण मारून दहा हात घसरली आणि पँट मागून टर्रकन फाटली. लोक हसले, तीही हसली. जीपनं खाली आलेल्या सासूबाईंनी पर्समधून सुईदोरा काढला, तिला पाठमोरी उभी केली आणि मागे बसून टाके घालायला लागल्या.

"आई, घरी गेल्यावर मला एक ड्रेस शिवाल?"

सुई क्षणभर थांबली.

"शिवीन की."

"माप घ्यावं लागेल ना?"

"ते तू पहिल्यांदा घरात आलीस तेव्हाच घेतलंय, नजरेनं. कापडही आणलेलं आहे, सहा वर्षं कपाटात पडलंय. हलू नकोस, सुई टोचेल."