टिंबं असलेलं नाव

इबादान शहरातल्या मोरेनिकेनं जुन्या माणसांच्या तोंडची कुळस्तुती जपण्यासाठी मोबाइल ॲप केलं, तेव्हा सर्वांत आधी तिनं आपल्या शाळेतल्या योरुबा भाषेच्या मास्तरांना, बाबा अडेगबितेंना बोलावलं. दर शनिवारी ते येत आणि एकेका घराण्याची स्तुती खड्या आवाजात म्हणत. रेकॉर्डिंगवर आपलं नाव मात्र ते स्वतःच टाइप करत, योरुबात काही अक्षरांखाली येणाऱ्या टिंबांसकट.

"बाकीचे साध्या इंग्रजी अक्षरांत लिहितात, बाबा."

"लिहू देत. टिंबासाठी मी चाळीस वर्षं पोरांचे कान पिळले. आता मीच गाळू?"

महिन्याभरानं ते म्हणाले, "अगं, सगळ्यांचे आवाज येतात. माझं नाव दाबलं की नुसतं पांढरं पान."

"तुमचा फोन म्हातारा झालाय," ती हसत म्हणाली. त्यांनी आणखी दोनदा विचारलं, तिनं दोनदा तेच उत्तर दिलं. मग त्यांनी येणं सोडलं. वय झालं असेल, असं तिला वाटलं.

बाबा गेल्याची बातमी आली, तेव्हा त्यांचा आवाज ऐकावा म्हणून तिनं स्वतःच्या नव्याकोऱ्या फोनवर त्यांचं नाव दाबलं. पांढरं पान.

तिनं कोड उघडला. माणसाचं नाव एका ओळीला जोडून त्या मजकुरापासून त्याच्या रेकॉर्डिंगचा वेबवरचा पत्ता तयार होत होता. टिंबाची अक्षरं त्याला चालत नव्हती. ती आधी सांकेतिक खुणांत बदलायला हवी होती. तसं न केल्यानं पत्ता बनतच नव्हता. आणि पत्ता नाही बनला तर? तिनंच लिहून ठेवलं होतं: काही न बोलता पुढे जा. चूक दाखवणारी एक ओळ असती, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबांच्या बायकोकडे, इया अबेनीकडे गेली. खाली गुडघे टेकून तिनं सगळं सांगितलं.

इया अबेनी म्हणाल्या, "ते म्हणायचे, आपला आवाज आता पोरांना नकोसा झालाय. तुला वाईट वाटू नये म्हणून तुझ्याशी हे बोलले नाहीत."

"मी एकदा जरी त्यांचा फोन हातात घेऊन पाहिला असता, मा..."

"हो, पाहायला हवा होतास," इया अबेनी म्हणाल्या. "लाव आता."

बाबांचा आवाज खोलीभर घुमला. त्यांना साठएक घराण्यांची स्तुती पाठ होती. मोरेनिकेकडे रेकॉर्ड झालेल्या सहाच होत्या.