गाडीचा ताप सांगणारा काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे आणि वजनाचाही नव्हे. एका जुन्या निळ्या गाडीत, चालकाच्या समोर ज्या तीन तबकड्या आहेत, त्यांतली सगळ्यांत लहान तबकडी माझी. डावीकडे थंड, उजवीकडे गरम आणि मधोमध माझी रोजची जागा. इंजिनात फिरणारे पाणी किती तापले आहे, एवढेच सांगण्याचे माझे काम. माझ्या शेजारी वेगाचा काटा राहतो. त्याच्याकडे सगळे बघतात, म्हणून तो जरा तोऱ्यात असतो. पलीकडे पेट्रोलचा काटा. तो कायम रडका. माझ्याकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही, आणि ज्या दिवशी बघतात त्या दिवशी नावेच ठेवतात.

मी घडलो त्या कारखान्यात एका लांब टेबलाशी चष्मा लावलेल्या एक बाई बसत. गरम पाण्याच्या भांड्यात त्या सेन्सर बुडवीत आणि काटा बरोबर रेघेवर येतो का ते बघत. जो केसभर चुकेल तो बाजूच्या पेटीत जाई. मी पहिल्याच वेळी रेघेवर जाऊन उभा राहिलो. "हा शहाणा आहे," असे त्या म्हणाल्या. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. पुढे बरीच वर्षे दुसरे मिळाले नाही, ही गोष्ट वेगळी.

आमची गाडी एका नर्सबाईंकडे आली. त्या दवाखान्यात बसणाऱ्या नर्स नव्हेत. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही, अशांच्या घरी जाऊन त्या इंजेक्शन देतात, जखमा धुतात, पट्ट्या बदलतात. मागच्या सीटवर औषधांची पेटी, पुढच्या सीटवर डबा आणि वही, असा आमचा अकरा वर्षांचा संसार. शहरातली घरे झाली की शेवटी टेकडीवरची वस्ती. सात वळणांचा चढ. तेथे सगळ्यांत वरच्या घरात एक आजोबा राहत. त्यांच्या पायाची जखम बरी होता होत नव्हती, आणि एक दिवसाआड पट्टी बदलली नाही तर ती चिघळे. तो चढ मी हजारदा मधल्या जागेवरून जराही न हलता चढलो आहे.

नर्सबाईंबरोबर त्यांचे वडील राहतात. चाळीस वर्षे त्यांनी लोकांच्या घरांत नळ जोडले. हाताला मोठा गुण! घरातला एक नळ टिपकत नाही की एक पाइप कुरकुरत नाही. गाडीवरही त्यांचा फार जीव. मागच्या वर्षी इंजिनाखालची पाण्याची नळी गळू लागली, तेव्हा त्यांनी गॅरेजची वाट न बघता चांगली जाड, चकचकीत नळी आणून स्वतः बसवली. "आता थेंब पडला तर माझं नाव बदला," असे लेकीला सांगितले. थेंब खरोखरच पडला नाही.

पण काही महिन्यांनी, उन्हाळा तोंडावर आला असताना, चढाच्या चौथ्या वळणावर मला उजवीकडे जावे लागले. मला तरी कुठे हौस होती? पाणी तापले, मी सांगितले. नर्सबाई थांबल्या. पाच मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवले, तर मी आपोआप खाली आलो. पुढच्या खेपेस पुन्हा तेच. मग त्या भर उन्हात खिडक्या उघड्या टाकून हीटर लावू लागल्या, कारण त्याने इंजिनातली थोडी उष्णता बाहेर निघते. घामाने निथळत त्या रोग्यांच्या घरी पोहोचत, आणि रोगीच विचारत, "सिस्टर, तुम्हाला बरं नाही का?"

गाडी एका मिस्त्रीकडे गेली. त्याने थर्मोस्टॅट बदलला. म्हणजे पाण्याच्या वाटेवरची ती छोटी झडप. काही फरक पडला नाही. दुसऱ्याने बॉनेट उघडले, गाडी उभ्या जागी दहा मिनिटे चालवली आणि म्हणाला, "इंजिन ठीक आहे. काटाच खोटा दाखवतोय." त्याने माझा सेन्सर बदलला. तरी मी वर गेलोच, तेव्हा त्याने माझ्या तोंडावर काळी चिकटपट्टी लावली. "बघूच नका त्याच्याकडे. उगाच जिवाला घोर!" मित्रांनो, तो अपमान मी अजून गिळलेला नाही. पट्टीमागे मी जीव तोडून उजवीकडे रेटत होतो आणि कोणाला पत्ता नव्हता. शेवटी सहाव्या वळणावर बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. त्या दिवशी आजोबांची पट्टी बदलायची राहिली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला.

तिसऱ्या मिस्त्रीने लांबूनच हात झटकले. "इंजिन पूर्ण उघडावं लागेल. एवढ्या जुन्या गाडीला कोण खर्च करतं? भंगारात द्या." भंगारवाला शनिवारी येणार असे ठरले. गाडी गेली की टेकडीची वस्ती नर्सबाईंच्या यादीतून जाणार होती. तेथे बस-रिक्षा जात नाही, आणि आजोबांना खाली उतरता येत नाही. नर्सबाई त्या रात्री जेवल्या नाहीत, असे सकाळी त्यांचे वडील गाडी पुसताना स्वतःशीच म्हणाले.

शुक्रवारी वडिलांनीच हट्ट धरला, की अजून एकदा दाखवू. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक बाई एकटीने गॅरेज चालवते; बापलेक गाडी तिच्याकडे घेऊन गेले. मला ती अजून डोळ्यांसमोर दिसते: बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानामागे टेस्टर खोचलेला. तिने बॉनेटला हातही लावला नाही. आधी आत बसली, माझ्या तोंडावरची पट्टी नखाने हळूच सोलली आणि विचारले, "सिस्टर, नेमकी कधी तापते? उभी असताना, की पळताना?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता!

"चढावर तापते ताई. जोरात पळवली की. थांबले की उतरते."

"उभी असताना तापली असती, तर मी पंख्यावर संशय घेतला असता," ती म्हणाली. "पळताना तापते म्हणजे पाणी पुरेसं फिरत नाहीये. बघू या."

इंजिन गार झाल्यावर पाण्याचे झाकण उघडून तिने पाणी पाहिले, काठोकाठ होते. तेलाच्या झाकणाखाली बोट फिरवून पाहिले. तेलात पाणी मिसळलेले नव्हते. "इंजिन उघडायचं काही कारण दिसत नाही," असे ती शांतपणे म्हणाली, आणि मला वाटले, हिच्यासाठी मी काचेतून बाहेर यावे. मग तिने गाडी गल्लीतून मोठ्या रस्त्यावर नेऊन चांगली तापवून आणली. मी सरकलो की ती मान हलवी, जणू आमचे दोघांचे आधीच ठरले होते. परत आल्यावर ती म्हणाली, "काका, तुम्ही टॉर्च घेऊन माझ्याजवळ उभे राहा. हात मात्र लांब ठेवा. सिस्टर, तुम्ही आत बसून हळूहळू रेस वाढवा."

नर्सबाईंनी पाय दाबला. इंजिन गुरगुरले. बॉनेटखालचे मला दिसत नाही, पण ऐकू येते.

"काका, काय दिसतंय?"

"नळी... नळी चपटी झाली," वडिलांचा आवाज बारीक झाला होता. "पार चिकटली की! रेस सोड गं... हं, परत फुगली."

"पंप खालच्या नळीतून पाणी ओढतो," ती म्हणाली. "नळी तापून मऊ पडली, आणि ओढ वाढली की आतल्या आत मिटते. पाण्याची वाटच बंद. उभ्या गाडीत ओढ कमी, म्हणून कोणाला दिसलं नाही. इथे कडक नळी लागते, काही गाड्यांत तर आत स्प्रिंगही असते."

"जुन्या नळीत स्प्रिंग होती," वडील म्हणाले. "मला वाटलं, कशाला हवी? मीच काढून टाकली. चाळीस वर्षे माझ्या हाताखालचा पाइप फुटेल याचीच काळजी केली. पाइप मिटतो, हे मला माहीतच नव्हतं."

ती हसली नाही. मला तिचे सगळ्यांत जास्त कौतुक याचेच वाटते. ती म्हणाली, "तुमची जोडणी बघा ना काका, एक थेंब नाही. नळी फक्त दुसऱ्या कामाची होती. नवी मी देते, बसवणार तुम्हीच." आणि इंजिन निवल्यावर तिने पाना त्यांच्या हातात दिला.

शनिवारी सकाळी भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवले, आणि आम्ही टेकडी चढलो. वडील पुढच्या सीटवर बसले होते. सातही वळणे त्यांनी रस्ता पाहिला नाही; फक्त मला पाहिले. मी मधोमध उभा होतो. नर्सबाईंनी हीटर लावला नव्हता.

आजोबा ओसरीवर पाय पसरून बसले होते. नर्सबाई जुनी पट्टी सोडवू लागल्या, तेव्हा वडील पुढे झाले आणि म्हणाले, "त्या दिवशीचा खाडा माझ्यामुळे झाला. चुकीची नळी मी बसवली होती."

आजोबांनी त्यांना हाताने जवळ बोलावले. मग म्हणाले, "मग आज जरा हा पाय धरा. हलतो फार."

नळ जोडणाऱ्या त्या दोन हातांनी तो पाय इतका अलगद धरला, की जखम धुताना आजोबांच्या तोंडून हूं की चूं निघाले नाही.

मित्रांनो, मी वर गेलो की माझ्यावर रागावू नका. मी दुखणे आणत नाही, फक्त त्याची वर्दी देतो. थांबा, इंजिन निवू द्या आणि कोणालाही दोष देण्याआधी एवढेच विचारा: नेमके कधी?