न्हाणीघरात पडला म्हणे!

नवऱ्याचा खांदा गोदामात फाटला की आमच्या न्हाणीघरात, एवढंच ठरायचं होतं. गोदामात ठरलं तर ऑपरेशनचा खर्च कंपनी करणार. घरी ठरलं तर हात जन्मभर असाच लोंबकळणार.

"पहिल्या डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय, न्हाणीघरात घसरले," कंपनीचा वकील कामगार कोर्टात म्हणाला.

मी तीनताड उडाले. त्या दिवशी मी घरीच होते. हा बाबा धडधाकट कामावर गेला आणि हात गळ्यात बांधून आला! मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो नजर चुकवतोय. म्हटलं, मेल्या, पडलास तरी कुणाच्या न्हाणीघरात?

आमच्या बाजूचे सर्जन न्यायाधीशसाहेबांना सांगत होते, "डोक्यावरचं वजन निसटून हाताला हिसका बसला की खांदा असा फाटतो. पडल्यानंही फाटेल, पण मग कोपराला, कमरेला मार दिसतो. यांना साधं खरचटलेलंही नव्हतं."

"मग पेशंट स्वतःच खोटं बोलला?" वकील हसला.

मधल्या सुट्टीत नवऱ्याला जिन्यात गाठलं. "खरं बोल, नाहीतर माझ्याशी गाठ आहे."

"दादांनी सांगायला लावलं. दवाखान्यात शेजारीच उभे होते."

दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, गोदामाचा सुपरवायझर. आज कंपनीचा साक्षीदार. सकाळपासून मला चहा हवा का, पाणी हवं का विचारत होता. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती.

"गोदामाच्या दारावर पाटी आहे ना, अपघाताविना किती दिवस गेले त्याची? नऊशे अठ्ठ्याण्णव झाले होते. हजार झाले की दादांना बढती. कुणाचं बोट चेचलं, कुणाचा घोटा मुरगळला, आमच्याकडे सगळे घरीच पडतात. मला वाटलं, आठवड्यात बरं होईल."

आत गेल्यावर साहेबांनी विचारलं, "आणखी काही सांगायचंय?" नवऱ्यानं मान हलवली. नाही म्हणे! माझ्या भावासाठी!

मी उठले. "साहेब, न्हाणीघर माझ्या भावानं सांगायला लावलं. पाटीवरचा आकडा मोडू नये म्हणून. नोंदवही मागवा, तीन वर्षांत किती जण घरीच पडले ते बघा."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, माझी नोकरी जाईल."

"शपथेवर सांगाल?" साहेबांनी विचारलं.

मला रडू आवरेना. दादाकडे बघायची हिंमत नव्हती.

"सांगते," मी म्हटलं.